अबोल माणसाला यूएक्स रिसर्च जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कस्टमर सपोर्टमध्ये सहा वर्षं काढलीत, आता यूएक्स रिसर्चकडे, म्हणजे लोक ॲप किंवा वेबसाइट प्रत्यक्षात कशी वापरतात आणि कुठे अडतात ते अभ्यासण्याच्या कामाकडे वळायचंय. पद्धती आणि टूल्स शिकून घेता येतील याची खात्री आहे, पण स्वभावाचं काय? तुम्ही अबोल आहात, अनोळखी माणसाशी गप्पा सुरू करणं जिवावर येतं, आणि नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत 'उत्तम संवादकौशल्य' आणि 'एम्पथी' हे दोन शब्द ठाण मांडून बसलेले असतात. वय ३४, म्हणजे उशीर झाला का, हेही जाता जाता विचारलंय.

मी तेरा वर्षं हे काम करतेय. गेली पाचेक वर्षं नवीन रिसर्चर निवडणं आणि त्यांच्या सेशनला (म्हणजे एका सहभागीला ॲप वापरायला देऊन बघण्या-विचारण्याच्या बैठकीला) मागे बसून ऐकणं हेही माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगते, अबोलपणाची काळजी सोडा. काळजी करायचीच असेल तर ज्या गोष्टीच्या भरवशावर तुम्ही अर्ज करणार आहात तिची करा, म्हणजे सहा वर्षं लोकांच्या अडचणी सोडवण्याची. हे उलटं वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायच्या एका ॲपचं टेस्टिंग होतं. समोर साठीच्या पुढच्या एक बाई. त्यांना पुढच्या आठवड्यातली वेळ घ्यायची होती. कॅलेंडरमध्ये भरलेल्या तारखा करड्या रंगात दिसत होत्या, आणि बाई नेमक्या एका करड्या तारखेवर बोट टेकवत होत्या. काही होईना. पुन्हा टेकवलं. मग बोट उचलून पदराला पुसलं आणि तिसऱ्यांदा, जोर लावून. माझ्याच्याने बघवेना. "ती भरलीय, शेजारची दाबून बघा," मी बोलून गेले. "हो का? बरं," म्हणत त्यांनी शेजारची दाबली, वेळ मिळाली, सेशन छान पार पडलं. काचेपलीकडच्या खोलीत बसून बघणारे डेव्हलपर खूश. अहवालात मी 'तारीख निवडताना किंचित गोंधळ' असं लिहिलं.

ॲप बाजारात गेल्यावर काही आठवड्यांनी सपोर्टकडून तक्रारींची यादी आली. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट लिहिली होती: ॲप अडकतं. डेव्हलपरांनी सर्व्हर तपासले, जुने फोन तपासले, काही सापडेना. मी ते जुनं रेकॉर्डिंग काढलं. तिसऱ्यांदा बोट टेकवल्यावर बाईंनी तोंड उघडलं होतं. "हे बहुतेक..." इतकंच ऐकू येतं, आणि त्यावर माझा आवाज चढतो. त्या 'बहुतेक'च्या पुढे काय होतं ते आता कधीच कळणार नाही, पण 'हे बहुतेक बंद पडलं' असंच काहीतरी असणार. करडा रंग म्हणजे 'भरलेलं' हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांच्या लेखी फोन बिघडला होता. आणि मी मदत करून ते उत्तर बुजवून टाकलं.

सपोर्टमध्ये तुम्ही नेमकं हेच करत आलात, आणि तिथे ते बरोबरच आहे. समोरचा अडला की त्याला बाहेर काढायचं, जितकं लवकर तितकं चांगलं. तुमचं मोजमापही त्यावरच होत असणार. रिसर्चमध्ये मात्र तो अडला की तुमचं काम सुरू होतं. हात मांडीवर, तोंड बंद, नजर त्याच्या बोटांवर. कुणाला अवघड जागी अडकलेलं बघत बसणं हे चांगल्या माणसाला फार जड जातं, आणि म्हणूनच या कामात पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त चुका चांगल्या माणसांच्याच होतात. मला स्वतःला आवर घालता येणं हा गुण या कामात सगळ्यात वरचा वाटतो. जाहिरातीत तो लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही.

आवर घालायचा म्हणजे फक्त गप्प बसायचं नाही. १९०० नंतरच्या दशकात बर्लिनमध्ये हान्स नावाच्या एका घोड्याची फार चर्चा होती. गणित विचारलं की तो खुरानं तेवढे टोले देऊन बरोबर उत्तर सांगायचा. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं त्याची नीट परीक्षा घेतली आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचं गणित कोलमडायचं. टोल्यांची संख्या बरोबर आकड्यापाशी आली की विचारणाऱ्याच्या नकळत त्याचं डोकं किंचित हलायचं, अंगातला ताण सुटायचा, आणि घोडा तेवढं हेरून थांबायचा. यात कुणी लबाडी करत नव्हतं. मला यातला सगळ्यात बोलका भाग पुढचा वाटतो: हे सगळं कळल्यावरही, ठरवून इशारे रोखायचे म्हटलं तरी खुद्द फुंग्स्टला ते पूर्ण जमेनात.

आपण सेशनमध्ये मान डोलावतो, 'हं' म्हणतो, बरोबर बटणाजवळ बोट गेलं की पुढे झुकतो. घोड्याला जे कळतं ते माणसाला कळणारच. मी नवीन लोकांच्या सेशनला बसते तेव्हा बऱ्याचदा स्क्रीनकडे बघतच नाही, त्यांच्या पेनाकडे बघते. सहभागी माणूस टीमला आवडणारं काही बोलला की पेन चालायला लागतं, नावडतं बोलला की थांबतं. चौथ्या-पाचव्या प्रश्नापर्यंत समोरच्यालाही ते कळलेलं असतं, आणि मग तो पेन चालू राहील असं बोलू लागतो.

आता तुमच्या अबोलपणाकडे येते. २००९ मध्ये वेगवेगळ्या दहा भाषांमधल्या संभाषणांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत मध्ये किती वेळ जातो ते त्यात मोजलं होतं. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आपल्याला इतक्या झटपट बोलण्याची सवय आहे म्हटल्यावर चार-पाच सेकंदांची शांतता अंगावर येणारच. बोलक्या माणसाला ती सोसवत नाही. तो प्रश्न पुन्हा विचारतो, सोपा करून विचारतो, आणि मग उत्तरही स्वतःच सुचवतो: "म्हणजे तुम्हाला हे जरा किचकट वाटलं का?" समोरचा सुटकेचा नि:श्वास टाकून "हो, तसंच" म्हणतो. झालं, अहवालात एक 'फाइंडिंग' जमा.

विम्याच्या दाव्याचा फॉर्म तपासताना एका तरुण गृहस्थाला मी विचारलं होतं, "मागच्या वेळी हा भरलात तेव्हा काय काय झालं?" त्यांनी सुरुवात केली, दोन वाक्यं बोलले, थांबले. मीही थांबले. नंतर रेकॉर्डिंगमध्ये मोजलं तर नऊ सेकंद. खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "खरं सांगू? मी भरलेलाच नाही कधी. बायको भरते. मी फक्त सही करतो." तोवर पुरे तीन जणांकडून आम्ही फॉर्म भरणाऱ्याची म्हणून सही करणाऱ्याची मतं गोळा केली होती. सहभागी निवडतानाचा प्रश्न बदलावा लागला, वेळापत्रक आठवडाभर पुढे गेलं, आणि अभ्यास वाचला. तुमच्यासारख्या माणसाला ते नऊ सेकंद माझ्याइतके जड गेले नसते.

अनोळखी माणसाशी गप्पा मारता येत नाहीत, हे सुद्धा फारसं आड येत नाही. सेशनची पहिली पाच मिनिटं ठरलेली असतात: स्वागत, रेकॉर्डिंगची परवानगी, 'परीक्षा तुमची नाही, या ॲपची आहे', 'मी हे बनवलेलं नाही, त्यामुळे वाईट बोललात तरी मला लागणार नाही'. हे पाठ करता येतं, आणि करावंच. माझ्या ओळखीतले दोन उत्तम रिसर्चर असे आहेत की जेवणाच्या सुट्टीत एक शब्द बोलत नाहीत.

एम्पथीबद्दल मात्र माझं मत जरा तिखट आहे. या शब्दाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन त्याला काय दिसतं ते बघता येणं. ते हवंच. दुसरी म्हणजे त्याचं ऐकून पोटात तुटणं. ती वाईट नाही, पण तिच्या भरात माणूस समोरच्याच्या प्रत्येक शब्दाला सत्य मानायला लागतो. लोक काय करतात हे त्यांना ठाऊक असतं. का करतात हे मात्र त्यांना वाटतं तितकं ठाऊक नसतं.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात याचा एक साधा प्रयोग आहे. दुकानात नायलॉनच्या स्टॉकिंग्जचे चार जोड ओळीनं मांडले आणि गिऱ्हाइकांना विचारलं, यातला उत्तम दर्जाचा कुठला, आणि का? चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरी सगळ्यात उजवीकडचा जोड सगळ्यात डावीकडच्याच्या जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. कारण विचारल्यावर 'उजवीकडे होता म्हणून' असं एकानंही म्हटलं नाही. जागेचा काही परिणाम झाला असेल का असं थेट विचारलं तरी जवळपास सगळ्यांनी तो नाकारला. ही माणसं खोटं बोलत नव्हती. 'का?' असं विचारल्यावर आपलं मन एक समजूतदार कारण तयार करून देतं, तुमचंही आणि माझंही.

म्हणून हवा असतो तो आदर न सोडता शंका घेण्याचा गुण. "मला हे फीचर फार उपयोगी पडेल" असं कुणी म्हणालं की मी आनंदानं ऐकते आणि मग विचारते, "अशी गरज शेवटची कधी पडली? तेव्हा काय केलंत?" पुष्कळदा 'शेवटची कधी' आठवतच नाही. त्यांना खोटं पाडायचं नसतं, म्हणून चेहऱ्यावर काही येऊ न देता पुढच्या प्रश्नाकडे जायचं. सपोर्टमधला तुमचा अनुभव इथे खरा कामाला येईल. 'ॲप चालत नाही' या वाक्यामागे वीस वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

इथवर सेशनच्या खोलीतलं झालं. निम्मं काम खोलीबाहेर असतं आणि तिथे लागणारा स्वभाव जवळजवळ उलटा. आत जो माणूस स्वतःला पुसून टाकतो त्यानं बाहेर मीटिंगमध्ये ठाम उभं राहायचं असतं. अबोल लोकांची खरी अडचण मला दिसली ती इथे.

प्रसंग नेहमीचा असतो. पाच जणांचं टेस्टिंग झालंय, त्यातले चार एकाच जागी अडकले. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात, "पाचच तर माणसं. यावरून कसं ठरवायचं?" पुढच्याच महिन्यात पाचातल्या तिघांना त्यांची लाडकी कल्पना आवडली की तेच म्हणतात, "बघा, साठ टक्के युजरना आवडलं." दोन्ही वेळा शांतपणे अडवणं हे तुमचं काम. त्यासाठी आवाज मोठा लागत नाही, पण आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही याची हद्द नेमकी ठाऊक लागते.

पाच माणसं पुरतात हा सल्ला याकोब निल्सन यांचा. त्याच्या मुळाशी त्यांनी आणि टॉमस लँडावर यांनी १९९३ मध्ये मांडलेलं एक गणित आहे. एखादी अडचण एका सहभागीच्या सेशनमध्ये दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच सेशनमध्ये सुमारे ८५ टक्के अडचणी दिसून जातात. पण ही ३१ टक्के सरासरी त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांची. दहातल्या एकालाच येणारी अडचण घ्या: ती पाच सेशनमध्ये एकदा तरी दिसेल याची शक्यता फक्त ४१ टक्के भरते, आणि ती ८५ टक्क्यांवर न्यायला अठरा सेशन लागतात. म्हणून वरच्या पहिल्या प्रसंगात मी म्हणते, "अडचण आहे हे सांगायला पाच जण भरपूर झाले." दुसऱ्यात म्हणते, "किती टक्के लोकांना आवडेल हे सांगायला पाच जण काहीच नाहीत, त्यासाठी वेगळा अभ्यास करू." 'मला माहीत नाही' हे वाक्य भर मीटिंगमध्ये, न चाचरता म्हणता येणं हा फार मोलाचा गुण आहे. ज्याचं 'माहीत नाही' लोकांनी दोन-चारदा ऐकलंय, त्याच्या 'माहीत आहे'वर ते विश्वास ठेवतात.

अबोल माणसाला यावर एक उपाय लागू पडतो. मीटिंगमध्ये वाद घालण्याऐवजी आधी लोकांना सेशन बघायला बसवायचं. बाईंचं तिसऱ्यांदा टेकवलेलं बोट ज्या डेव्हलपरनं स्वतः पाहिलंय त्याला पटवायला काही लागत नाही. (मी मध्ये बोलले नसते, तर.) चाळीस सेकंदांची क्लिप दाखवली तरी पुष्कळ काम होतं.

आता अवलंबून काय काय आहे तेही सांगते, कारण 'यूएक्स रिसर्चर' या एका नावाखाली बरीच वेगळी कामं चालतात. कंपनीत तुम्ही पहिले आणि एकटे रिसर्चर असलात तर निम्मा वेळ 'रिसर्च कशाला हवा' हे समजावण्यात जाईल. तिथे चिकाटी आणि नकार पचवण्याची तयारी पद्धतीच्या ज्ञानाहून जास्त लागते, आणि अबोल माणसाची पहिली नोकरी म्हणून मी ती सुचवणार नाही. मोठ्या टीममध्ये गेलात तर आधाराला कुणी असतं, चुका पोटात घातल्या जातात. आकडेवारीच्या बाजूला, म्हणजे सर्व्हे आणि वापराच्या नोंदींकडे कल असेल तर सेशनमधला संयम कमी लागतो आणि स्वतःच्या हिशेबावर शंका घेण्याची खोड जास्त. आजारपण, कर्ज, कुणाचा मृत्यू अशा विषयांवर काम असेल तर वेगळाच कणखरपणा लागतो. रेकॉर्डिंग थांबवून "आज इथेच थांबू या" म्हणायचं कधी, हे तिथे डेडलाइनपेक्षा मोठं असतं.

बाकीचे गुण मी भराभर सांगते. नेटकेपणा हवा, कारण या कामाचा मोठा भाग सहभागी शोधणं, वेळा जुळवणं, ऐनवेळी न आलेल्याच्या जागी दुसरा उभा करणं, परवानगीचे फॉर्म सांभाळणं आणि तासन्‌तास नोंदी लावणं हाच आहे. ज्यांना फक्त माणसांशी बोलायला आवडतं ते इथे वर्षभरात कंटाळतात. साधं, सरळ वाक्य लिहिता यायला हवं. कुतूहल हवं हे सगळेच सांगतात. त्यात माझी भर इतकीच की स्वतःच्या चुकलेल्या अंदाजाबद्दलही ते हवं. मुलाखतीत मी प्रत्येकाला विचारते, "रिसर्चमुळे तुमचं कुठलं मत बदललं?" ज्यांना उदाहरण आठवत नाही त्यांचा पोर्टफोलिओ कितीही देखणा असला तरी मी पुढे जात नाही. ज्यांना आठवतं त्यांचा चेहरा ते सांगताना खुलतो. फजितीची गोष्ट सांगतानाही खुलतो, हे विशेष.

यातलं जन्मजात किती आणि कमावता येण्यासारखं किती? मी स्वतः बडबडी, आणि वर मदतीला धावणारी. तरी जमलं, म्हणजे बरंचसं कमावता येतं. मला उपयोगी पडलं ते असं: एका सेशनचं बोलणं शब्दन् शब्द लिहून काढलं आणि दोन रंगांची पेनं घेतली, माझी वाक्यं लाल, समोरच्याची निळी. पहिल्या कागदावर अर्ध्याच्या आसपास लाल होतं. त्या लालमध्ये पुन्हा प्रश्न कुठले आणि उत्तर सुचवणारी वाक्यं कुठली यावर खुणा केल्या, आणि दुपारभर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. पुढे वर्षभर दर महिन्याला एक सेशन असं रंगवलं. लाल हळूहळू ओसरलं.

तुम्हाला यासाठी नोकरी बदलायची वाट बघायला नको. घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्याला विचारा, की एखादं रोजचं काम मोबाइलवर करून दाखवशील का: तिकीट काढणं, बिल भरणं, काहीही. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. एकच नियम, तो अडला तर मदत करायची नाही, "आत्ता काय विचार चाललाय?" इतकंच विचारायचं. त्यानं "अरे सांग ना, तुला माहितीये!" म्हटलं तरी नाही. सगळं संपल्यावर हवी तेवढी मदत करा. असे पाच-सहा झाले की कागद रंगवा. अर्जासोबत जोडायला हेच चांगलं उदाहरण होईल, विशेषतः पहिल्या कागदातल्या चुका न लपवता दाखवल्यात तर.

३४ हे वय उशिराचं नाही. उलट, साठीच्या बाई तुमच्यासमोर बाविशीतल्या मुलापेक्षा लवकर मोकळ्या होतील, अशी शक्यता आहे.

आणि तुमच्याकडची सपोर्टची जुनी तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी. कंपनीच्या नियमात बसत असेल तर, ग्राहकांची नावं-नंबर काढून, एकाच आठवड्याची पन्नास घ्या. 'तक्रार काय' आणि 'खरी अडचण काय निघाली' असे दोन रकाने करा. 'ॲप अडकतं' लिहिलेली तिकिटं सापडली तर त्यांच्यापासून सुरुवात करा.